चावडीवरचा भंडारा

वर्तमानपत्रात पुढाऱ्यांची भाषणं छापतात आणि मध्येच कंसात 'हशा' असं छापतात. ही पद्धत ज्यानं काढली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. सभेत कुणी हसलं तर हसू दे की बापडं, ते गावोगाव कळवायला कशाला पाहिजे? पण छापतात. आणि तो शब्द दिसला की अजून मी पान उलटते. एकदा मुंबईच्या कायदेमंडळात माझ्या सासूवरनं हशा झाला होता. ती बातमी मीच तिला वाचून दाखवली. म्हणजे हशा तेवढा गाळला आणि बाकीचं सगळं वाचलं.

आमचं गाव निपाणीच्या पलीकडचं. काळी रानं, तंबाखूची. माझं माहेर निपाणीत, वडिलांचं किराणा दुकान होतं, म्हणून चौथीपर्यंत शाळेत गेले. सासरी आले तेव्हा घरात सासू, नवरा, धाकटा दीर, एवढीच माणसं. सासरे आधीच गेलेले. सासू काळी, उंच आणि तोंडानं फाटकी. गावात तिला सगळे आक्का म्हणत, पाटीलसुद्धा. मी आत्ती म्हणायची. ती विहिरीवर एखादीला बोलायला लागली की बाकीच्या बायका घागर अर्धी भरून घरी पळत. मला तिची धास्ती होती आणि खरं सांगायचं तर अभिमानही होता. माझ्या माहेरी सगळे हळू बोलणारे.

दीर निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत कामाला होता. पोती भरायची, गाडीत चढवायची. अंगानं रेड्यासारखा आणि स्वभावानं गाय. "वैनी, आज कोरड्यास काय केलंयसा?" असं दारातनंच ओरडत यायचा. त्या वखारीतनं एका रात्रीत बरीच पोती गेली. मालक मोठा माणूस, वरपर्यंत वजन असलेला. फौजदाराला चोर पाहिजे होता आणि लगेच पाहिजे होता. आदल्या आठवड्यात दिराचं तिथल्या मुनिमाशी भांडण झालेलं. झालं, चोर सापडला.

माल कुठं लपवलाय ते दाखव म्हणून त्याला गावात आणला आणि चावडीत डांबला. मी त्याची भाकरी घेऊन गेले. दार उघडंच होतं. गावानं बघावं म्हणूनच उघडं ठेवलेलं. दोरी तुळईवरनं टाकलेली, हात मागं बांधलेले, पाय जमिनीला टेकतात न टेकतात. मी दारातच थिजले. माझ्या मागनं सासू आली ती वाऱ्यासारखी आत घुसली आणि त्याच्या पायाला मिठी मारली. तिला ओढून बाहेर फेकलं. त्या ओढाताणीत दोरी हिसकली आणि दिराचा उजवा हात मनगटात असा वळला, की हात कधी तसा वळत नाही. तो ओरडला सुद्धा नाही. "आये, तू जा गं," एवढंच म्हणाला. माझ्या हातात भाकरीचं गठुडं तसंच.

त्यानंतर चिकोडीच्या कोर्टात तो "व्हय, म्याच केलं" म्हणाला आणि हिंडलग्याच्या तुरुंगात गेला. पोती कधीच सापडली नाहीत. पण त्यानं स्वतःच्या तोंडानं मॅजिस्ट्रेटसमोर कबूल केलं होतं, मग पोती हवीत कुणाला!

सासू रडली नाही. दोन दिवस चुलीपुढं बसली आणि तिसऱ्या दिवशी उठून म्हणाली, "चल गं. बेळगावला जायाचं. तुला पाट्या वाचाय येत्यात."

त्या वेळी मुंबईत नवंनवं राज्य आलं होतं. म्हणजे साहेब होताच वर, पण मंत्री आपल्यातले झाले होते, खादी घालणारे. आमच्या भागाचे मेंबर बेळगावचे एक वकील होते. निवडणुकीत मतं दिली ती शेतसारा भरणाऱ्यांनी. आमच्या घरात एकालाही मत नव्हतं. तरी सासू त्यांच्या घरात अशी शिरली, जशी त्यांना तिनंच निवडून दिलंय. वकिलांच्या बायकोनं पाणी दिलं, ओसरीवर बसवलं. वकील बारीक अंगाचे, चष्म्याचे. सासूनं सगळं सांगितलं. दोरी कशी टाकली ते स्वतःचे हात मागं घेऊन दाखवलं. त्यांच्या नातवंडांनी ते बघितलं म्हणून त्यांची बायको पोरांना आत घेऊन गेली.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आई, मी हे कायदेमंडळात विचारतो. पोलीस खात्याच्या खर्चावर तिथं वाद व्हायचा आहे, त्यात मी एक सूचना आणणार आहे. पकडलेला माणूस चावडीत ठेवायचा नाही, आणि त्याचा जबाब घ्यायच्या आधी डॉक्टरनं त्याचं अंग बघायचं. तुमच्या मुलाची हकीकत त्याला आधार. पण सरकार चौकशी लावेल. साहेब गावात येऊन विचारेल. त्या वेळी कुणीतरी 'होय, मारलं' म्हणायला पाहिजे. एकानं जरी म्हटलं, तरी अपिलात ती कबुली टिकायची नाही. मुलगा सुटेल."

"एकानं कशाला?" सासू म्हणाली. "मी हाय की! मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या लेकराचं सांगाय मला कुणाचं भ्या वाटतंया?"

तिथनं आम्ही हिंडलग्याला गेलो. गजांच्या पलीकडं दीर उभा. उजवा हात फडक्यात गळ्याला बांधलेला. सासूनं त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी बोलणार हाय. वकील म्हणतोय, मी बोलले की तू सुटलास." तो हसला. किती दिवसांनी हसला असेल कोण जाणे. "तू बोलशीलच की, आये. तुला गप बसवणारा अजून जन्माला यायचाय." आम्ही तिघंही हसलो. शिपायानं वेळ संपली म्हणून काठी आपटली.

वकिलांनी शब्द पाळला. प्रश्न विचारला. चौकशी करू असं सरकारनं उत्तर दिलं, आणि बेळगावचा मोठा साहेब अमुक दिवशी चावडीत येऊन जबाब घेणार असा हुकूम पाटलाकडं आला. त्याच्या आधी फौजदार आला. आमच्याच घरी आला. मला वाटलं आता शिव्या देणार. पण कसलं काय! चप्पल बाहेर काढली, घोंगड्यावर बसला आणि म्हणाला, "पोरी, चा टाक बघू वाईच." मी केला. आलं घालून केला. हे मला आजही माझंच खरं वाटत नाही. पण आलं घातलं, किसून.

चहा पिता पिता सासूला म्हणाला, "आक्का, माझं तुमच्याशी काय वैर हाय? एक लेक आत हाय. एक भाईर हाय. भाईरचा भाईरच ऱ्हावा असं मला बी वाटतं. वखारीत ह्यो बी कवा कवा गाडी घिऊन जातोय म्हणं." आणि कपबशी खाली ठेवत माझ्याकडं बघून, "चा झक्कास झालाय."

माझा नवरा दाराशी उभा होता. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. तो भित्रा नव्हता, साधा होता. निपाणीला भाड्यानं गाडी न्यायचा आणि आल्यावर बैलांना आधी पाणी पाजून मग स्वतः प्यायचा, असला माणूस. चावडीतली ती तुळई माझ्या डोळ्यांपुढं आली आणि खाली लोंबणारा माणूस ह्या खेपेला माझा होता.

गावालाही भीती घातली होती. गाव पोलिसाविरुद्ध बोललं, तर हे गाव दंगेखोर ठरवून जादा पोलीस बसवतील आणि त्यांचा पगार गावाकडनं वसूल करतील, असं पाटलाच्या कानात सांगून फौजदार गेला. असं आजूबाजूच्या गावांत झालेलं होतं, त्यामुळं थाप म्हणून सोडून देता येईना. पाटलानं म्हाताऱ्या माणसांना गोळा केलं आणि ठरवलं, की गावानं एकमुखानं 'काही बघितलं नाही' म्हणायचं. कुणी फुटू नये म्हणून घरटी एकानं बिरदेवाचा भंडारा उचलायचा.

भंडारा उचलणं म्हणजे काय, हे बेळगावच्या वकिलाला ठाऊक असेल, पण मुंबईच्या सभेला काय ठाऊक असणार? कोर्टात शपथ घेतात, तिला आमच्याकडं कुणी शपथ समजत नाही. तिथं गीतेवर हात ठेवून खोटं बोललेली माणसं संध्याकाळी भजनात झांजा वाजवायला मोकळी. पण देवापुढची हळद तळहातावर घेऊन एखादा शब्द दिला, की संपलं. तो मोडला तर घर बसतं, वंश बुडतो. भाऊबंदांचे बांधाचे तंटे, नवरा-बायकोचे संशय, सगळं त्या चिमूटभर हळदीवर मिटायचं. खरं बोलायला लावायची ती हळद, आणि आता तीच घेऊन गाव खोटं बोलणार होतं.

हे एका माणसाला सोसलं नाही. देवळातल्या गुरवाला. तो पाटलाला नाही म्हणू शकत नव्हता, त्याचं पोट गावावर. भंडारा उचलायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला त्याची बायको वाटी घेऊन आमच्या परसदारी आली. "हळद दे गं."

मी चकित झाले. तिन्हीसांजेला कुणी हळद मागत नाही आणि मागितली तरी कुणी देत नाही. लक्ष्मी जाते म्हणतात. आणि देवळात तर हळदीच्या गोण्या.

"तुमच्यात काय कमी हाय?" मी विचारलं.

तिनं आजूबाजूला बघितलं. "देवाची हळद देवाजवळ ऱ्हाऊ दे. उद्या चावडीवर जी जायची ती ही. डब्यातनं सरळ ताटात. देवाफुडं ठेवायची न्हाय, म्हणालेत. मंजे कुणी साहेबाफुडं खरं बोललं, तर त्याच्यावर काय यायचं न्हाय. तुझ्याच घरची नेतीया, बाई. तुला तरी ठावं असावं."

मी वाटी भरून दिली. आमची हळद परड्यातली. उकडून, वाळवून मी घरीच कांडायची आणि माझ्या आईच्या सवयीनं थोडी आंबेहळद घालायची. त्यामुळं तिला कैरीसारखा वास यायचा. अख्ख्या गावात तसली हळद दुसऱ्या कुणाची नव्हती.

ती गेली. मी डब्याचं झाकण लावलं आणि भाकऱ्या करायला बसले. सासू चुलीच्या पलीकडं. तिनं दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. जाळाकडं बघत म्हणाली, "काय करू गं उद्या? भंडारा उचलला तर माझं तोंड शिवलं म्हणून समज. न उचलावा, तर ह्यालाबी नेत्यात." आणि जरा वेळानं, "देवाला काय सांगू?"

तिनं मला विचारलं होतं. त्या बाईनं आयुष्यात मला एवढं एकदाच काही विचारलं. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, "आत्ती, उद्याची हळद आपल्या डब्यातली हाय. उचला आणि मग साहेबाला खरं सांगा." तिनं सांगितलं असतं. तिची छाती तेवढी होती. मग दीर सुटला असता आणि कदाचित माझा नवरा धरला असता. कदाचित. साहेब गावात आल्यावर फौजदाराची तशी हिंमत झालीही नसती. पण त्या कदाचितवर मी माझा माणूस लावायला तयार नव्हते. तव्यावर भाकरी होती, ती मी उलटली आणि म्हणाले, "आत्ती, देवाफुडं आपलं काय चालतंय?"

किती शहाणी मी! देवाला मध्ये घालून मोकळी झाले.

सकाळी चावडीवर ताट आलं. हळदीचा ढीग, वर खोबऱ्याचे तुकडे. गुरव खाली मान घालून उभा. एकेक माणूस पुढं यायचा, चिमूट तळहातावर घ्यायचा आणि म्हणायचा, "गावची गोष्ट गावात. मी काय बघितलं न्हाय." आमच्या घरची पाळी आली तेव्हा पाटील म्हणाला, "आक्का, तुम्हीच." सासू पुढं गेली. चिमूट घेतली, कपाळाकडं नेली आणि मध्येच थांबली. हात नाकापाशी तसाच राहिला. लोक बघायला लागले. मला वाटलं, आता ही ताट लाथाडणार. मग तिनं हळद कपाळाला लावली आणि म्हणाली, "मी काय बघितलं न्हाय." तिचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

साहेब आला तो खरंच चांगला माणूस होता, हे कबूल केलं पाहिजे. वाईट असता तर मला जरा बरं वाटलं असतं. त्यानं फौजदाराला चावडीच्या बाहेर घालवलं. पाटलालाही लांब बसवलं. सासूला बसायला पाट द्यायला लावला आणि आपलं मराठी जुळवत विचारलं, "आई, तुमच्या मुलाला इथे मारलं का? भिऊ नका." सासू त्या तुळईकडं बघत होती. "न्हाय," म्हणाली. साहेबानं पुन्हा विचारलं. "तुम्ही वकिलांना सांगितलं होतं." "लेकरू आत गेलं म्हणून डोस्कं फिरलं हुतं माझं. कायबी बोलले." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही?"

"मी घरात हुते," मी म्हणाले.

अपील फेटाळलं. त्यानंतर थोड्या दिवसांनी मुंबईतला तो वाद छापून आला. वर्तमानपत्र शिंप्याच्या दुकानात यायचं, शिळं झालं की तो आमच्याकडं द्यायचा. सासू म्हणाली, "वाच." मी उंबऱ्यात बसून वाचायला लागले. आमच्या वकिलांनी मोठं भाषण केलं होतं. कबुली म्हणजे पुरावा नव्हे, कबुली कशी निघाली ते बघा. रयतेला पोलिसाची भीती चोरापेक्षा जास्त वाटत असेल, तर कायद्याचं राज्य म्हणायचं कशाला. आपल्यातल्या पुष्कळांनी हिंडलग्याच्या आणि येरवड्याच्या भिंती आतनं बघितल्या आहेत, खुर्चीवर बसल्यावर त्या विसरू नका. फार चांगलं बोलले होते. सासू मान डोलवत होती.

मग सरकारतर्फे उत्तर. उत्तर देणारे सुद्धा परवा-परवापर्यंत लाठ्या खाल्लेलेच. पण लाठी ज्याच्या हाताखाली येते, त्याला ती वेगळी दिसत असावी. ते म्हणाले, पोलिसांचं मन खचेल असं सभागृहानं काही करू नये. सदर गावी रीतसर चौकशी झाली. एकाही इसमानं मारहाणीला दुजोरा दिला नाही, खुद्द कैद्याच्या आईनंही नाही.

त्यावर आमचे वकील उठले. म्हणाले, "तीच आई माझ्या ओसरीवर बसून रडली होती. ती चावडीत 'नाही' म्हणाली, हाच माझा पुरावा आहे. मधल्या दिवसांत त्या गावात काय झालं, ते सरकारनं शोधावं." एवढं त्यांना आमच्यात न येता कळलं होतं. उत्तर आलं, "आई होय म्हणाली तर मारलं आणि नाही म्हणाली तरी मारलंच! माननीय सभासदांच्या कोर्टात आमचा निभाव लागणं कठीण." आणि पुढं कंसात तो शब्द.

मी थांबले.

"मग?" सासू म्हणाली.

"मग सूचना मागं घेतली."

"म्हंजे?"

"डॉक्टरनं अंग बघायचं, चावडीत ठेवायचं न्हाय, ते सगळं ऱ्हायलं. आधार न्हाय म्हणाले."

सासू उठली. शेणाची पाटी घेऊन परड्यात गेली आणि गोवऱ्या थापायला लागली. थप, थप, थप. वास्तविक त्या दिवसाच्या गोवऱ्या सकाळीच थापून झालेल्या होत्या. सूचना बुडाली, ते नुकसान एका माझ्या दिराचं नव्हतं. त्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कुठल्या कुठल्या चावडीत ज्यांची अंगं बघायला डॉक्टर आला नाही, त्यांचंही ते होतं. ते माझ्या डोक्यातनं जात नाही. लोक म्हणतील, एका बाईच्या गप्प बसण्यानं कुठं मुंबईतला कायदा अडतोय? अडतो. मी छापलेला वाचलाय.

तेव्हापासून सासूचं तोंड बंद झालं. विहिरीवर बायका निवांत घागरी भरायला लागल्या. ती कुणाला बोलेना, मलाही नाही. मला वाटायचं, देवाच्या आणेनं तिला बांधून टाकलंय, आणि त्या गाठीचं एक टोक माझ्या हातात आहे. किती वेळा सांगावंसं वाटलं. पण सांगून काय करणार होते? "तुम्ही मोकळ्या होता, मीच सांगितलं नाही," असं? तिनं मला घरातनं हाकललं असतं तरी बरं होतं. पण तिनं स्वतःला काय केलं असतं, त्याची मला भीती होती. असं मी मला समजावायची. माणूस स्वतःला काहीही समजावतो.

दीर शिक्षा भोगून सुटला. चालत आला, दाढी वाढलेली, अंग निम्मं झालेलं. उजवा हात मनगटातनं वाकडाच राहिला, मूठ वळत नव्हती. दारातनं ओरडला नाही. मी पाय धुवायला पाणी दिलं, सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो जेवायला बसला, डाव्या हातानं. ते बघून माझा नवरा ताटावरनं उठून गोठ्यात गेला.

जेवून झाल्यावर दीर आईजवळ सरकला. "आये, आपल्या गावचा एक जण आत आलता, त्यानं सांगितलं मला. तुला भंडारा उचलाय लावला. तू कशाला झुरतीस? देवाची आण हुती. देवाच्या फुडं तू तरी काय करणार?" आणि माझ्याकडं वळून, "वैनी, तुम्हीबी मनाला लावून घेऊ नगासा. आण मोडली असती, तर आज आमच्या दादाचं काय झालं असतं?"

मी ताटं उचलायला लागले.  तो उठला आणि म्हणाला, देवळात जाऊन येतो, आल्याबरोबर जायचं राहिलंच.

तो गेल्यावर सासू बसल्या जागेवरनं मला म्हणाली, "आंबेहळद जरा कमी घालत जा गं."

मी वळून बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"वास लई येतोय. ताटात हात घातला, तवाच आला."

 मी चुलीपाशी खाली बसले. म्हणजे तिला कळलं होतं. चिमूट नाकापाशी नेली तेव्हाच. ती मोकळी होती हे तिला ठाऊक होतं आणि तरी साहेबाच्या पुढं ती 'न्हाय' म्हणाली. एक लेक आत होता, एक बाहेर. तिनंही बाहेरचा निवडला होता. आणि इतकी वर्षं एकाच चुलीवर भाकरी भाजत, आम्ही दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो.

"आत्ती..." मी म्हणाले.

"त्याला सांगू नगंस," ती म्हणाली. "देवावर भरवसा हाय त्याचा. तेवढा तरी ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात तो आला. डाव्या हाताच्या मुठीत देवळातला भंडारा आणला होता, खरा, देवापुढचा. आधी आईच्या कपाळाला लावला. तिनं डोळे मिटले. मग माझ्या.

पुढं सासू वारली. तंबाखू काढायला, निवडायला दोन हात लागतात, म्हणून दिराला रानातलं काम झेपत नाही. गुरं राखतो. लग्न केलं नाही, वाकड्या हाताला कोण पोरगी देतंय? देश स्वतंत्र झाला त्या दिवशी चावडीला चुना लावला, तुळईलासुद्धा लावला, आणि त्यानंही डाव्या हातानं पोरांना साखर वाटली. फौजदार कधीच बढती घेऊन लांब गेला होता. दर रविवारी दीर देवळातनं येतो आणि दारातनं म्हणतो, "वैनी, भंडारा." मी हातातलं काम ठेवते, पदरानं कपाळ पुसते आणि त्याच्यापुढं करते.